१०९८ बालमदतवाहिनी : वर्गात शिकवणाऱ्यांसाठी एक परीक्षण

शाळेच्या भिंतीवर रंगवलेला १०९८ हा क्रमांक बहुतेक शिक्षकांना पाठ असतो, पण तो नेमका केव्हा लावायचा याविषयी शिक्षकांच्या खोलीत क्वचितच एकमत होते. अंगावर वळ दिसले तर फारसा प्रश्न पडत नाही. अडचण येते ती घरी होणारा अत्याचार केवळ मुलाच्या वागण्यातून डोकावतो तेव्हा. रांगेत कुणाचा सहज धक्का लागला तरी मुठी आवळून उठणारा मुलगा, किंवा मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटीच कोपऱ्यात बसणारी मुलगी, यांना आपण अनुक्रमे ‘मारकुटा’ आणि ‘घुमी’ ठरवून मोकळे होतो.

केनेथ डॉज, जॉन बेट्स आणि ग्रेगरी पेटिट या अमेरिकी संशोधकांनी १९९० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात असे दाखवून दिले होते की, लहानपणी घरात शारीरिक इजा सोसलेली मुले बालवाडीत अधिक आक्रमक वागतात आणि समोरच्याचा हेतू ओळखताना त्यांची गल्लत होते. जिथे काहीच वाईट हेतू नसतो तिथेही त्यांना तो दिसतो. घरात सतत सावध राहणे ही त्या मुलाची गरज असते, आणि तीच सावधगिरी वर्गात त्याला मित्र मिळू देत नाही. ज्यांची आबाळ झालेली असते ती मुले बहुधा याच्या उलट, कुणाच्या अध्यातमध्यात नसतात; त्यामुळे त्यांच्याविषयी कुणी तक्रार करत नाही, आणि त्यांच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

या पार्श्वभूमीवर मदतवाहिनीची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे पुरावा हाती नसताना, केवळ शंकेच्या बळावरही तिथे बोलता येते. सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते, आणि मूल स्वतःही फोन करू शकते. १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा उपक्रम म्हणून ती सुरू झाली; २०२३ पासून ती शासनाकडे आली असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. तातडीच्या धोक्यात या जोडणीचा उपयोग आहे हे मान्य केले, तरी पोलिसांचे नाव निघताच गप्प होणाऱ्या मुलाला ती कितपत रुचेल, याची मला शंका वाटते. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधला गेला होता, त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले, आणि बहुतेकांनी ते पूर्वी कुणापाशीही उघड केले नव्हते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे, त्यामुळे १०९८ वर फोन केला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मुख्याध्यापकांनी समजू नये.

माझी खरी नाराजी आहे ती पुढच्या टप्प्याविषयी, आणि ती एकट्या मदतवाहिनीवर नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांनुसार बाल कल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मुलासाठी सहाय्यक व्यक्ती, म्हणजे तपास आणि खटल्याच्या काळात त्याला साथ देणारी व्यक्ती, नेमू शकते, तिच्याकडून मुलाच्या मानसिक स्थितीचा दरमहा अहवाल मागवते, आणि मुलाचे शिक्षण सुरू राहील हेही पाहते. कागदावर ही रचना उत्तम आहे. परंतु जी बाई किंवा जे सर त्या मुलासोबत रोज पाच-सहा तास असतात, त्यांनी त्याच्याशी कसे वागावे, त्याला कोणाशेजारी बसवावे, तो चिडला तर काय करावे, हे सांगण्याची खात्रीची सोय या साखळीत दिसत नाही. मूल सुरक्षित झाले तरी त्याचे दचकणे लगेच थांबत नाही, आणि वर्गातली इतर मुले तोवर त्याला खेळात घेईनाशी झालेली असतात.

म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो. फोन करण्यापूर्वी मुलाने सांगितलेले शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवावेत, त्याला पुन्हा पुन्हा विचारू नये, आणि पालकांपैकीच कुणावर संशय असेल तर घरी आधी निरोप धाडू नये.