काचबिंदूचे थेंब आणि सिस्टरांच्या टेबलापाशी गेलेली पंधरा मिनिटे

गेल्या महिन्यात आईला काचबिंदूच्या उपचारासाठी पुण्यातील एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात नेले होते. तेथील तपासणी चोख आहे, एवढे सांगून मी त्यानंतर परिचारिकेने औषधांविषयी जी माहिती दिली, तिच्याबद्दलच लिहितो.

डॉक्टरांनी टिमोलॉलचे थेंब लिहून दिले होते. केसपेपर हातात घेताच सिस्टरांनी विचारले, "आजी, दम्याचा पंप वगैरे घेता का?" आई घेते, परंतु डोळ्यांच्या दवाखान्यात दम्याचे काय सांगायचे, म्हणून ती बोलली नव्हती, आणि मलाही ते सुचले नव्हते. डोळ्यात टाकलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तेथून रक्तात मिसळतो आणि टिमोलॉलसारखे औषध असेल तर दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळू शकतात किंवा नाडी मंदावू शकते, हे समजावून त्यांनी आम्हाला तसेच डॉक्टरांकडे परत पाठवले. तेथे औषध बदलून लॅटॅनोप्रोस्ट मिळाले. खरे तर हा प्रश्न तपासणीच्या खोलीतच विचारला जायला हवा होता.

पुढे सिस्टरांनी आईच्याच हाताने वंगणाचे (डोळा ओला ठेवणारे) थेंब टाकून घेतले. पहिला गालावर ओघळला, दुसरा भुवईवर पडला. "एखादा तरी आत जाईल" या हिशोबाने एका वेळी तीन-तीन थेंब टाकण्याची आईची जुनी सवय त्यांनी तिथेच मोडली, कारण डोळ्यात एका थेंबापुरतीच जागा असते आणि बाकीचे औषध वाया जाते. खालची पापणी ओढून खिसा करायचा, नजर छताकडे ठेवायची, बाटलीचे टोक कशालाही लागू द्यायचे नाही, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरायचा आणि दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबायचे, हे तिसऱ्या खेपेला आईला बरोबर जमले.

दुष्परिणामही त्यांनी लपवले नाहीत. रोज रात्री एकदा टाकायच्या लॅटॅनोप्रोस्टने डोळा लालसर दिसू शकेल, पापण्यांचे केस लांब व दाट होऊ शकतील, बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहील. पण तेवढ्यावरून औषध परस्पर बंद करायचे नाही, कारण काचबिंदूत डोळ्यातला वाढलेला दाब सहसा दुखत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळा दुखू लागला किंवा एकाएकी अंधुक दिसू लागले, तर मात्र लगेच यायचे.

उणिवा आहेत. हाती दिलेला कागद बारीक टाइपातला आणि इंग्रजीत होता. ज्यांच्यासाठी तो छापला, त्यांना तो वाचता येणे अवघडच. आमच्या मागे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले एक आजोबा होते. रांग वाढल्यामुळे त्यांची बोळवण तीन मिनिटांत झाली. स्टेरॉइडची बाटली हलवून घ्यावी आणि थेंब दर आठवड्याला कमी करावेत, इतके त्यांना सांगण्यात आले. मात्र तेच औषध पुढे डोळा लाल झाला म्हणून स्वतःच्या मनाने आणून टाकले तर डोळ्यातील दाब वाढू शकतो, हे राहून गेले. शंकांसाठी दिलेला फोन मी दोनदा लावला, तो कोणी उचलला नाही.

या मार्गदर्शनाचे वेगळे पैसे घेत नाहीत. जाताना घरातील सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्यावी, दम्याच्या पंपासकट.