मुखवट्याआडचा आवाज: २००४ चा ‘फँटम’ लावावा की २०११ चा?

जून-जुलैची मासेमारीबंदी लागली, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या आणि पावसाने जोर धरला की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या वाड्यांमध्ये कुणाच्या तरी पडवीत पांढरी चादर ताणून सिनेमा लावण्याचा बेत ठरतो. यंदा आमच्याकडे ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ लावायचे ठरले आणि लगेच प्रश्न उभा राहिला: जोएल शूमाकर यांनी दिग्दर्शित केलेला, समीक्षकांनी झोडपून काढलेला २००४ चा चित्रपट लावायचा, की पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने २०११ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या प्रयोगाचे चित्रण? मी दोन्ही अनेकदा पाहिली आहेत. चित्रपटावर माझी माया आहे, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे सगळे त्या हिशेबाने वाचता येईल.

मूळ ऐवज दोन्हीकडे एकच आहे. गॅस्तों लरू यांच्या फ्रेंच कादंबरीवरून अँड्र्यू लॉइड वेबर यांनी रचलेले हे संगीत नाटक १९८६ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले, आणि न्यूयॉर्कमध्ये १९८८ ते २०२३ या काळात त्याचे १३,९८१ प्रयोग झाले. पॅरिसच्या एका ऑपेरागृहाच्या तळघरात, पाण्याच्या पलीकडे, अर्धा चेहरा मुखवट्याने झाकलेला एक संगीतकार लपून राहतो; हाच फँटम. क्रिस्टीन नावाच्या नृत्यपथकातल्या अनाथ मुलीला तो भिंतीआडून गाणे शिकवतो, आणि दिवंगत वडिलांनी पाठवलेला हा संगीताचा देवदूतच आहे, अशी त्या मुलीची समजूत असते. पुढे तिचा बालमित्र राऊल येतो आणि तिढा पडतो. वाडीतल्या मंडळींना एवढे आधी सांगून ठेवले तर इंग्रजीची अडचण निम्मी सरते.

निवड करताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे मुखवट्याआडचा आवाज. दशावतारात किंवा रत्नागिरीकडच्या नमनात संकासुर येतो तेव्हा त्याचा चेहरा काळ्या कापडाआड असतो आणि तरीही पोरे आईच्या पदरात शिरतात, कारण सगळा दरारा चालण्यात आणि आवाजात असतो. फँटमचेही तसेच आहे. ज्या माणसाने एका मुलीला केवळ गळ्याच्या जोरावर वर्षानुवर्षे भारून ठेवले आहे, त्याचा गळा ऐकणाऱ्यालाही भारून टाकणारा नसेल तर कथेचा पायाच डळमळतो. चित्रपटात ही भूमिका जेरार्ड बटलर यांच्याकडे आहे. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या आणि रॉक बँडमध्ये गायलेल्या या नटाचे देखणेपण आणि नजर भूमिकेला शोभते, पण वरच्या पट्टीत गेले की स्वर लागत नाही, तो ओढून आणावा लागतो. ‘म्युझिक ऑफ द नाइट’ या पदात जिथे शब्द कुजबुजल्यासारखे सोडायचे तिथे ते खरखरतात, आणि जिथे स्वर उलगडायचा तिथे ते जोर लावतात. नाट्यपदांवर कान तयार झालेल्या आमच्या आजीने दुसऱ्याच कडव्याला विचारले होते, “मास्तर हा, की शिकणारी ती?”

प्रश्न चुकीचा नव्हता, कारण शिकणारी खरोखरच तयार आहे. एमी रॉसम हिची निवड झाली तेव्हा ती अवघी १६ वर्षांची होती, पण वयाच्या सातव्या वर्षापासून ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बालवृंदात गात होती, आणि तिच्या कोवळ्या, स्वच्छ आवाजात त्या भाबड्या मुलीवर विश्वास बसतो. राऊल झालेले पॅट्रिक विल्सन न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गाजलेले गायकनट आहेत, म्हणजे चित्रपटात नायकापेक्षा त्याचा प्रतिस्पर्धी उजवा गातो, ही उलटीच गंमत आहे. नखरेल गायिका कार्लोटाच्या भूमिकेत मिनी ड्रायव्हर यांनी धमाल केली आहे, मात्र तिची गाणी दुसऱ्या गायिकेच्या आवाजात आहेत.

अल्बर्ट हॉलमधल्या प्रयोगात हा हिशेब एकदम सरळ होतो. इथे फँटम झालेल्या रामिन करीमलू यांचा आवाज खर्जात भरदार आहे आणि वर गेल्यावरही त्यातली वेदना पातळ होत नाही. सिएरा बॉगेस यांची क्रिस्टीन भाबडी कमी आणि जाणती जास्त आहे, आणि शेवटच्या प्रवेशात ती त्याच्याजवळ जाते तेव्हा दया, भीती आणि ओढ एकाच चेहऱ्यावर एकामागून एक उमटतात. पडदा पडल्यावर १९८६ च्या प्रयोगातली पहिली क्रिस्टीन सारा ब्राइटमन आणि फँटमची भूमिका केलेले चार गायक मिळून गातात. केवळ गाण्यावर निर्णय करायचा असेल तर इथेच वाचणे थांबवून २०११ चे चित्रण लावावे.

परंतु डोळ्यांचाही काही हक्क असतो. अल्बर्ट हॉल हे मुळात नाटकाचे थिएटर नसल्यामुळे तिथे बराचसा देखावा मोठ्या पडद्यांवर उभा केला आहे, आणि ज्या झुंबरासाठी लोक हे नाटक पाहायला जातात ते झुंबर तिथे कोसळत नाही, नुसत्या ठिणग्या उडवते. जवळून घेतलेल्या दृश्यांत नटांच्या कपाळावरचे माइकही दिसतात. चित्रपट इथे बाजी मारतो. त्याची सुरुवात १९१९ सालच्या कृष्णधवल लिलावाने होते. म्हातारा राऊल चाकांच्या खुर्चीत बसलेला आहे, झुंबरावरचे कापड ओढले जाते, ऑर्गन गर्जतो, धूळ उडते, मेणबत्त्या आपोआप पेटतात आणि जिकडेतिकडे रंग भरत जाऊन आपण १८७० मध्ये येतो. इतकी वर्षे झाली, तरी त्या दोन मिनिटांना माझ्या अंगावर काटा येतो. आजीने तिथेच हातातली फणसाची आठळी खाली ठेवली होती, कारण संगीत नाटकांच्या साथीला वाजणारा पायांनी भाता मारायचा ऑर्गन तिने लहानपणी ऐकला होता आणि तो एवढा मोठा आवाज करू शकेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

चित्रपटाचे दोष यापुढेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मूळ नाटकात गाऊन होणारे कितीतरी संवाद इथे गद्यात बोलले जातात, त्यामुळे गाण्यात शिरताना आणि गाण्यातून बाहेर पडताना दर वेळी ठेच लागते. स्मशानात तलवारबाजी घुसडली आहे. मुखवटा काढल्यावर दिसणारा चेहरा उन्हात जरा जास्त भाजल्यासारखा वाटतो, त्यामुळे एवढ्यासाठी हा माणूस तळघरात का राहिला, असे कुणीतरी हमखास म्हणतेच. रंगभूमीवर मध्यंतरापूर्वी पडणारे झुंबर चित्रपटात शेवटाकडे नेले आहे. अनेकांना हा बदल खटकला, मला मात्र तो पटतो, कारण मध्यंतर नसलेल्या माध्यमात तो स्फोट शेवटासाठी राखून ठेवणे योग्यच आहे.

तेव्हा बसणारी मंडळी कोण, यावर ठरवावे. पेटीवर बसणारे, भजनी मंडळात गाणारे, दशावतारातल्या राजपार्टाच्या पदाला दाद देणारे श्रोते अधिक असतील तर २०११ चा प्रयोग लावा. तो चित्रपटापेक्षा थोडा लांब आहे, पण मध्यंतर असल्यामुळे जेवणे मध्येच उरकता येतात. पोरेटोरे, पाहुणे आणि हा प्रकार प्रथमच पाहणारे लोक असतील तर २००४ चा चित्रपट लावा, बटलर यांच्या गळ्याकडे थोडा कानाडोळा करा, आणि जमले तर पुढच्या आठवड्यात त्याच मंडळींना करीमलू ऐकवा. उलट क्रमाने मात्र दाखवू नका. करीमलू ऐकून झाल्यावर बटलर सहन होत नाहीत, हे मी घरच्यांवर प्रयोग करून पाहिले आहे. चित्रपटाच्या वेळी चहा आधीच फिरवा, इन्व्हर्टर भरलेला आहे ना ते बघा आणि पडवीतला दिवा सुरुवातीपासून बंद ठेवा, कारण झुंबर पहिल्या दहा मिनिटांतच वर जाते.