ॲल्युमिनियमची म्हणून भंगारातली डिझेल टाकी गळ्यात मारली, ९०,१५० रुपयांना पडली

राग अजून गेलेला नाही, त्यामुळे भाषा तिखट झाली तर सांभाळून घ्या. आधी हिशोब सांगतो म्हणजे कुणी "थोडक्यात सुटलास" म्हणायला नको. टाकी २१,५००, फिटिंग आणि पट्टे १,८५०, घाटातून ओढून आणायचे १४,०००, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते) आणि फिल्टरचं काम ४६,३००, माल उशिरा पोचला म्हणून भाड्यातून कापले ६,५००. एकूण ९०,१५०.

माझा दहा चाकी ट्रक आहे, एकच गाडी, मीच मालक आणि मीच ड्रायव्हर. चांदवडच्या अलीकडे डिझेल टाकीचा पट्टा तुटला, टाकी खालून चेपली आणि शिवणीतून गळायला लागली. शोरूमला विचारलं तर ३४,८०० आणि वर आठवडाभर थांबा. हप्ता थांबतो का आठवडाभर? मग एकाने नाशिकच्या आडगाव नाक्याच्या पुढचा एक माणूस सुचवला. "नवीन माल आहे मालक, कंपनीचा सरप्लस, प्युअर ॲल्युमिनियम, चारशे लिटर, गंजायचं नावच नाही." ८,००० ॲडव्हान्स मोबाईलवरून घेतले, उरलेले १३,५०० गाडीला लावल्यावर रोख. बिल मागितलं तर चिठ्ठी दिली, म्हणे पक्कं बिल केलं तर जीएसटी तुमच्याच डोक्यावर. पुढचं तुम्हाला सांगायला नको, ही माणसं कशी बोलतात ते सगळ्यांना माहीत आहे.

आता जे आठवलं की अजून डोकं फिरतं ते सांगतो. टाकी आतून बाहेर आणताना दोन पोरं होती, चांगली धडधाकट, आणि दोघांची मान फुगली होती. अहो चारशे लिटरची असली तरी ॲल्युमिनियमची रिकामी टाकी किती जड असणार, पंचवीस-तीस किलो, दोघं हसत उचलतील. ही पन्नासच्या वर होती. मी विचारलं पण, गप्प बसलो नाही, एवढी जड कशी काय? तर हा लगेच, "आत जाड बॅफल प्लेटा आहेत मालक, डिझेल हिंदकळत नाही, म्हणून वजन." मला पटलं, कारण बॅफल असतात हे मलाही माहीत आहे, आणि खोटं बोलणारा माणूस इतकं बरोबर खोटं बोलेल असं कुणाला वाटणार? वर झाकण उघडलं तर आतून डिझेलचा वास. नव्या टाकीला डिझेलचा वास! म्हणे टेस्टिंगला भरलं होतं. तेव्हा उन्हात उभा होतो, भिवंडीचा माल ठरलेला, पार्टीचे फोनवर फोन, त्या घाईत कुणीही पैसे दिले असते. उगाच शहाणपणा शिकवायला येऊ नका.

बसवल्यापासून ब्रेक मारला की आत डिझेल धप्पकन आपटायचं. डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली यायचाच नाही, कारण टाकीतली पातळी मोजणारा फ्लोट दुसऱ्याच मॉडेलचा टाकलेला. भिवंडीहून अंबडचा माल भरून परत येताना कसारा घाट चढायला लागलो आणि गाडीने दम सोडला, ॲक्सिलेटर दाबतोय आणि पिकअपच नाही, शेवटी एका वळणावर बंद पडली ती पडलीच. मागे कंटेनरची रांग, हॉर्न आणि शिव्या.

नाशकात आणल्यावर मिस्त्रीने काय केलं, केबिनमधल्या मोबाईल होल्डरचा चुंबक काढला आणि टाकीला लावला. टक् करून चिकटला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. साधा लोखंडी पत्रा, वर लांबी (पुट्टी) घासून चंदेरी स्प्रे मारलेला. फ्लोट काढून आत टॉर्च टाकला तर तळाला गंजाचे पापुद्रे, एका कोपऱ्यात एम-सील थापलेलं आणि बॅफल प्लेटांच्या जागी नुसते वेल्डिंगचे खुंट. तो गंज फिल्टर चोंदवून पुढे इंजेक्टरपर्यंत गेला. बीएस सिक्सची (नव्या प्रदूषण नियमांची) कॉमन रेल गाडी आहे, खूप दाबाने डिझेल फवारणारी, तिला बारीक कचराही सोसत नाही.

टेप लावली तर बाहेरून ११० बाय ६० बाय ५५ सेंटीमीटर. गुणाकार करून हजाराने भागा, ३६३ लिटर येतात, त्यातही वर थोडी हवा सोडावी लागते. म्हणजे चारशेची थाप एका टेपने उघडी पडली असती. टाकी घेताना टेप आणि चुंबक खिशात ठेवा आणि जमलं तर काट्यावर वजन करा. आणि जीआय म्हणजे झिंकचा थर दिलेल्या पत्र्याची स्वस्तात बनवून देतो म्हणणारेही भेटतील, ती डिझेलला अजिबात नको, झिंक डिझेलमध्ये उतरतं आणि इंजेक्टरवर जाऊन बसतं.

त्या माणसाकडे गेलो तर म्हणतो, "माल बघून घेतलाय तुम्ही, आता काय?" मग पोलीस ठाणं. तिथले साहेब म्हणाले, "अहो तुमचा आपसातला व्यवहार आहे, कोर्टात जा." मी म्हटलं साहेब, लोखंड ॲल्युमिनियम म्हणून विकलंय, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणे पक्कं बिल दाखवा. बिल असतं तर त्याने कशाला फसवलं असतं हो! अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाही, उद्या या, साहेब बंदोबस्तात आहेत, परवा या. दुसऱ्या एका ऑफिसात गेलो तर खिडकीवरचा माणूस कागद न बघताच बोलला, ट्रक म्हणजे कमर्शियल, तुम्ही ग्राहकच नाही. चूक! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू कमर्शियलमध्ये धरत नाहीत. हे मला वकिलाने सांगितलं. सरकारी पगार घेऊन खिडकीत बसलेल्याला माहीत नको? आपला रोड टॅक्स, टोल, फिटनेस एक दिवस उशिरा झाला तर बरोबर कायदा आठवतो यांना.

वकिलाकडूनच कळलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे फसवणुकीचं, लागतं, आणि ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस आयुक्तांना पाठवायची. ती पाठवली, पोस्टाची पावती जपून ठेवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, तिथेही टाकलंय. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करा, पण त्यासाठी दुकानाचं नाव-गाव धड हवं, म्हणून पैसे द्यायच्या आधी पाटीचा फोटो काढा आणि जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा. आपल्या राज्याचा नंबर २७ ने सुरू होतो. रोख तर अजिबात देऊ नका, माझे ते १३,५०० आजही सिद्ध करता येत नाहीयेत, ॲडव्हान्सचे ८,००० तेवढे स्टेटमेंटला दिसतात.

टाकी मिस्त्रीकडेच ठेवली आहे, भंगारवाला भाव देत होता तरी विकली नाही, पुरावा आहे तो. आडगावच्या बाजूला कुणी अशी चंदेरी टाकी बसवून घेतली असेल तर आजच चुंबक लावून बघा आणि चिकटला तर मला मेसेज करा. वकील म्हणतो दोन-तीन तक्रारी एकाच माणसावर आल्या तर ठाण्यात "आपसातला व्यवहार" म्हणता येणार नाही.