त्रैक्यावरील आंतरधर्मीय वाद : एका श्राव्य व्याख्यानमालेविषयी

देव एकच असताना ख्रिस्ती त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तिघे कसे, या यहुदी व मुस्लिम विद्वानांच्या आक्षेपाचा इतिहास मांडणारी ही व्याख्यानमाला विषयाला बऱ्याच अंशी न्याय देते. पुत्राचे देवत्व ठरवणारी ख्रिस्ती धर्माध्यक्षांची सभा, म्हणजे ३२५ ची निकाया परिषद, घाईत उरकली आहे. ते एका अर्थी बरेच झाले, कारण तो भाग कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. खरी रंगत आठव्या शतकातील बगदादच्या प्रकरणात आहे. पूर्वेकडील चर्चचे प्रमुख पहिले तिमथी यांनी अब्बासी खलिफा अल-महदी यांच्यापुढे सूर्याचा दाखला दिला : प्रकाश आणि उष्णता धरूनही सूर्य एकच. व्याख्याते या दाखल्याचे कौतुक करून थांबत नाहीत. प्रकाश हा सूर्याचा गुण ठरतो, पुत्राला मात्र ख्रिस्ती परंपरा स्वतंत्र व्यक्ती मानते, ही अडचणही ते तितक्याच नेमकेपणाने दाखवतात. १२६३ च्या बार्सिलोना वादाच्या, म्हणजे यहुदी व ख्रिस्ती विद्वानांमधील जाहीर चर्चेच्या, प्रकरणात मात्र त्यांचा तोल ढळतो, कारण तेथील मुख्य प्रश्न मसीहाचा, म्हणजे वचन दिलेल्या तारणाऱ्याचा, होता, त्रैक्याचा नव्हे, हे श्रोत्याला कुठेच सांगितले जात नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. उद्धृत वचनांची लेखी प्रत जोडलेली नसल्याने अभ्यासकांची गैरसोय होते.