एमजीबी की एमएक्स-5? आधी सिल बघा, रंग नंतर

ब्रिटनमध्ये उघड्या टपाची जुनी दोन-आसनी गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांचं घोडं दोन नावांवर अडतं: एमजीबी रोडस्टर (1962 ते 1980) आणि पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5 (1989 ते 1997). माझदाने इंग्लिश रोडस्टरचाच साचा उचलला, फक्त तेलाची गळती तेवढी घेतली नाही.

एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही. सगळा भार दोन्ही बाजूंच्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या तुळईवर. म्हणून बघायला जाताना जॅक न्या. एक बाजू उचला आणि दार उघडून परत लावा. दार घासलं, किंवा मागची फट बारीक झाली, तर सिल आतून गेलेलं आहे. बाहेरचा पत्रा नवा दिसतो म्हणून फसू नका. आतली पट्टी आणि खालची कॅसल रेल (सिलच्या तळाची पट्टी) तशीच कुजकी ठेवून वरून पत्रा मारणारे बरेच आहेत. नीट काम करायचं तर तिन्ही थर बदलावे लागतात आणि तेवढा वेळ बॉडीला आधार द्यावा लागतो, नाहीतर गाडी मधून वाकते. हा खर्च इंजिनाच्या खर्चाला सहज मागे टाकतो.

इंजिन 1798 सीसीचं, साधं आणि दणकट. 1964च्या शेवटापासून क्रँकला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) तीनऐवजी पाच बेअरिंग आले, त्यानंतरचीच घ्या. 20डब्ल्यू-50 तेल घाला, एसयू बनावटीच्या दोन्ही कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमधलं (वरच्या नळकांड्यातलं) तेल अधूनमधून बघा. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. पुढच्या किंगपिनला (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिला) दर 5000 किलोमीटरला ग्रीस हवं, तेही चाक उचलून, कारण चाकावर वजन असताना ग्रीस हवं तिथे पोचतच नाही. बरेच दिवस उभी असलेली गाडी चालू झाली नाही, तर चावी फिरवून मागे टिकटिक येते का ऐका. नसेल, तर तिथल्या एसयू पेट्रोल पंपाचे पॉइंट (विजेचे संपर्क) चिकटलेत. पंपावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असलेली मिळत असेल तर सोडू नका, मोटरवेवर त्याच्याशिवाय इंजिन नुसतं ओरडतं. 1974च्या शेवटी आलेल्या रबरी बंपरच्या गाड्या उंच केलेल्या आहेत, वळणावर झुकतात. स्वस्त मिळतात ते त्यामुळेच.

एमएक्स-5चं 1.6 इंजिन 16 व्हॉल्व्हचं आणि चारी चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक दोन आडव्या हातांवर स्वतंत्रपणे हलतं. एमजीबीला मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे, त्यामुळे खराब रस्त्यावरच्या वळणात फरक लगेच कळतो. टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा) 96,000 किलोमीटरला बदला; तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, गाडी फक्त थांबते. सुरुवातीच्या गाड्यांची एक खोड मात्र महागात पडते. क्रँकच्या पुलीला चारच खाचा दिसल्या तर ते छोट्या नाकाचं क्रँक आहे. बेल्ट बदलताना पुढचा बोल्ट योग्य टॉर्कने आवळला नाही तर पुली क्रँकवर अडकवणाऱ्या लोखंडी चावीची खाच झिजते, टायमिंग सरकतं आणि शक्ती जाते. असलं क्रँक असेल तर बेल्ट कोणी बदलला, बिल आहे का, हे विचाराच.

गंज इथेही आहे, फक्त लपून बसतो. टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानांचा कचरा अडकला की ते सिलमध्ये मुरतं आणि मागच्या चाकापुढचा भाग आतून खातं. मगभर पाणी ओता; खालून धार पडली पाहिजे. नळी तुंबली असेल तर मऊ नायलॉनची काडी घाला, तार नको, नळी निखळते. टप पाडण्याआधी मागच्या प्लॅस्टिक खिडकीची चेन उघडा. थंडीत तशीच दुमडलीत तर घडीवर तडा जातो.

रोज चालवायची असेल तर एमएक्स-5, दुसरा विचार नको. रविवारी हात काळे करायची हौस असेल तर क्रोम बंपरची एमजीबी. तिचे सुटे भाग जवळपास सगळे मिळतात, अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा. राहणं लंडनमध्ये असेल तर मात्र गणित उलटं होतं: 40 वर्षांवरच्या एमजीबीची हिस्टॉरिक वर्गात नोंद केली की रोड टॅक्स नाही, यूलेझही (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा लंडनचा आकार) नाही. या एमएक्स-5ला मात्र यूलेझच्या हद्दीत गाडी हलवली की दिवसाला साडेबारा पौंड.