जॅकहॅमर की जम्बो ड्रिल?

सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायला भूमिगत खाणीत दोन्ही चालतात. जॅकहॅमर, म्हणजे हाताने धरून चालवायचा ड्रिल, स्वस्त, अरुंद जागेतही शिरतो. पण कामगार थेट दगडासमोर उभा. हातांना हादरे, कानांवर 100 डेसिबलहून जास्त आवाज, आणि कोरडं ड्रिलिंग केलं तर फुप्फुसात सिलिकाची धूळ. या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. म्हणून पाणी सोडल्याशिवाय ड्रिल सुरूच करू नये, घाई कितीही असो.

जम्बो म्हणजे चालक बसून चालवतो ते मोठं ड्रिल यंत्र. त्याचा चालक मजबूत छताखाली, दगडापासून लांब बसतो. जागा असेल तिथे माझा कौल जम्बोलाच. मात्र बूम, म्हणजे ड्रिल धरणारा यंत्राचा लांब हात, फिरताना जवळ कुणी थांबता कामा नये.

खाणीच्या छताचे सुटे दगड आधी पाडणं दोन्हीकडे आवश्यक. आणि जुन्या सुरुंगाच्या भोकात पुन्हा ड्रिल घालायचं नाही. आत न फुटलेली दारू असू शकते.