कव्हरवर व्हर्जन १.१, आत २०१३ चा अभ्यासक्रम

सीसीएनए, म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा, देणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहितेय. विशेषतः ज्यांची फी कंपनी भरत नाही, स्वतःच्या पगारातून जाते, त्यांच्यासाठी. मला विकलेलं गाइड खोटं नव्हतं, असं विकणारा अजूनही म्हणतो. आणि एका अर्थी ते खरंही आहे. पुस्तक छापलेलं होतं, बांधणी चांगली होती, कागदही बरा होता. कव्हरवर ‘२००-३०१, व्हर्जन १.१, सुधारित आवृत्ती’ असं, म्हणजे आजच्या परीक्षेचा क्रमांक आणि तिची आवृत्ती, ठसठशीत लिहिलं होतं. फक्त आतला निम्म्याहून जास्त मजकूर सिस्कोने २०२० मध्ये किंवा त्याच्याही आधी अभ्यासक्रमातून काढून टाकलेला होता.

मी पुण्यात एका कंपनीत हेल्पडेस्कवर आहे. पासवर्ड विसरला, प्रिंटर चालत नाही, व्हीपीएन लागत नाही, हे माझं काम. नेटवर्क टीममध्ये जागा निघाली की पहिला प्रश्न येतो, ‘सीसीएनए आहे का?’ परीक्षेची फी ३०० डॉलर, वर कर. रुपयांत ती पंचवीस हजारांच्या पुढे जाते. एवढा खर्च समोर दिसत असला की पुस्तकात काही पैसे वाचतायत का, हे कुणीही बघणार. विकणाऱ्यांचं सगळं गणित इथेच बसवलेलं असतं.

ऑफिसातल्या एकाने मला तयारी करणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात घेतलं. गट चालवणारे एक ‘सर’. त्यांच्याकडे किट होतं: गाइड, व्हिडिओ, ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ आणि वर पास होण्याची हमी. मी विचारलं, सिस्को प्रेसचं दोन खंडांचं अधिकृत पुस्तक घेऊ का? सरांचा लगेच फोन आला.

“मॅडम, तुम्ही नोकरी करताय ना? मग दीड हजार पानं वाचणार कधी? आम्ही त्यातलं परीक्षेपुरतं काढून दिलंय.”

दिवसभर तिकिटं बंद करून थकलेल्या माणसाला हे वाक्य किती गोड लागतं! किटचे अठराशे रुपये यूपीआयने एका वैयक्तिक खात्यावर पाठवायचे होते. बिल मागितलं तर “जीएसटी बिल पाहिजे असेल तर रेट वेगळा पडेल” असं उत्तर मिळालं.

आता पुस्तकाबद्दल, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

पहिली दोन-तीन प्रकरणं व्यवस्थित होती. ओएसआयचे सात थर, टीसीपी आणि यूडीपी, खाजगी आयपी पत्ते. हा भाग कुठल्याही काळातल्या पुस्तकातून उचलला तरी चालतो, कारण तो बदललेलाच नाही. खाजगी पत्त्यांचं आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) १९१८ हे १९९६ चं आहे. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) दुसऱ्या आवृत्तीचं आरएफसी २३२८ हे १९९८ चं. म्हणून चाळून बघणाऱ्याला काही खटकत नाही, आणि चाळताना माणूस सुरुवातच बघतो.

पुढे फ्रेम रिलेवर, म्हणजे दूरची ऑफिसं जोडायच्या जुन्या तंत्रावर, अख्खं प्रकरण होतं. ईआयजीआरपी या आणखी एका राउटिंग प्रोटोकॉलवर दोन. फ्रेम रिले २०१३ च्या २००-१२० परीक्षेत होतं, २०१६ च्या बदलात गेलं. ईआयजीआरपी २४ फेब्रुवारी २०२० ला २००-३०१ सुरू झाली तेव्हा गेलं. आजच्या सीसीएनएला राउटिंग प्रोटोकॉल म्हणून एकच नीट यावा लागतो, ओएसपीएफ, तोही एकाच एरियातला (नेटवर्क भागांत न विभागता). मी मात्र फ्रेम रिलेच्या एलएमआयचे (जोडणी चालू आहे का ते कळवणाऱ्या संदेशांचे) तीन प्रकार पाठ केले: सिस्को, अ‍ॅन्सी आणि क्यू९३३ए. आमच्या ऑफिसात फ्रेम रिले प्रत्यक्ष पाहिलेला एकच माणूस आहे आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.

जे हवं होतं ते नव्हतं. वायरलेस लॅन कंट्रोलर (ऑफिसातली वाय-फाय उपकरणं एका जागेवरून सांभाळणारा) दीड पानात उरकलेला. डीएचसीपी स्नूपिंग आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन या स्विचवरच्या सुरक्षेच्या सोयींची नुसती नावं. ऑटोमेशनवर शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं, त्याचा टाइपसुद्धा बाकी पुस्तकापेक्षा वेगळा. त्यात पपेट आणि शेफ ही उपकरणांची सेटिंग आपोआप लावणारी साधनं होती. २० ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या व्हर्जन १.१ मध्ये नेमकी हीच दोन वगळली आहेत आणि टेराफॉर्म हे तसंच दुसरं साधन आत आलंय. म्हणजे कव्हरवरचा आकडा ज्या बदलाचा, तो बदल पुस्तकात कुठेच नाही!

हे पुस्तक उचलेगिरीचं आहे हे मला दोन खुणांवरून कळलं. पहिली खूण, मजकुरातले संदर्भ. अकराव्या प्रकरणात ‘प्रकरण १९ मधली आकृती १९-४ पाहा’ असं लिहिलेलं, आणि पुस्तकात प्रकरणं एकूण सोळा. दुसऱ्याच्या पुस्तकातून प्रकरणं कापताना क्रमांक बदलायचे राहून गेले होते. दुसरी खूण म्हणजे मध्येच आलेलं ‘इथून आयसीएनडी-२ चा भाग सुरू होतो’ हे वाक्य. पूर्वी सीसीएनए दोन भागांतही देता यायची, आयसीएनडी-१ आणि आयसीएनडी-२. तो प्रकार २०२० मध्येच बंद झाला.

जिथे त्यांनी स्वतः भर घातली तिथे गणितच चुकलं होतं. सबनेटिंगच्या (पत्त्यांचे गट पाडण्याच्या) सरावात १९२.१६८.१०.६४/२७ चा ब्रॉडकास्ट पत्ता, म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा शेवटचा पत्ता, .९६ दिलाय. /२७ म्हणजे बत्तीस पत्त्यांचा गट. ६४ पासून ९५ पर्यंत. ब्रॉडकास्ट .९५, यंत्रांना देता येतात ते .६५ ते .९४, एकूण तीस. .९६ हा पुढच्या नेटवर्कचा पहिला पत्ता. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि तो बरोबर आलेलं उत्तर खोडून चुकीचं पाठ करतो. अठराशे रुपये गेल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, जेवढं या एका पानाचं वाटतं.

‘खऱ्या प्रश्नां’ची फाइल कुलूपबंद होती. लीक होऊ नये म्हणून पासवर्ड परीक्षेच्या आदल्या आठवड्यात देणार, असा नियम. यात विकणाऱ्याची सोय अशी की माल तपासायला वेळच उरत नाही. फाइल उघडली तर सुरुवातीलाच एक प्रश्न होता. पॅकेट १०.१.१.२० ला जायचंय, राउटरकडे दोन वाटा: १०.१.१.० /२४ ही स्टॅटिक (हाताने लिहिलेली) आणि १०.१.१.० /२७ ही ओएसपीएफने शिकलेली. कोणती वापरली जाईल? फाइलमधलं उत्तर ‘स्टॅटिक, कारण तिचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचं ११०.’ हे साफ चूक. राउटर आधी जास्त लांबीचा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याशी जास्त नेमकी जुळणारी वाट, बघतो, म्हणून /२७. डिस्टन्सची, म्हणजे वाटेवरच्या विश्वासाच्या आकड्याची (कमी तो पसंत), तुलना एकाच प्रीफिक्सच्या दोन वाटांमध्ये होते. मी सरांना विचारलं. उत्तर आलं, “परीक्षेत हेच बरोबर धरतात, मॅडम.”

हसू नका, गटातल्या कितीतरी मुलांनी हे मान्य केलं होतं. शिवाय उत्तरं बरोबर असती तरी हा माल घातकच. परीक्षेआधी आपण सिस्कोचा गोपनीयतेचा करार मान्य करतो. परीक्षेतले प्रश्न मिळवणं, वाटणं, वापरणं हा त्या कराराचा भंग, आणि त्यासाठी निकाल रद्द होऊ शकतो, प्रमाणपत्र जाऊ शकतं, पुढे परीक्षा द्यायला बंदी येऊ शकते. विकणाऱ्याच्या जाहिरातीत यातलं एक अक्षर नसतं. मी ती फाइल तिथेच बंद केली, पण तारीख आणि फी आधीच भरून झाली होती.

परीक्षा १२० मिनिटांची. एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. नापास झाले. निकालाच्या कागदावर विभागवार टक्के येतात, ते बघितल्यावर पुस्तकाचा आरसाच दिसला: मूलतत्त्वं आणि राउटिंग बऱ्यापैकी, नेटवर्क अ‍ॅक्सेस आणि सुरक्षा पडलेले, ऑटोमेशन दहा टक्के. पुन्हा परीक्षा पाच दिवसांनंतर देता येते, पण फी पुन्हा पूर्ण. म्हणजे अठराशेच्या किटची खरी किंमत कुठे जाते ते तुम्हीच मोजा.

हमीचं काय झालं? हमी होती की! फक्त त्यासाठी ‘आमच्या पोर्टलवरच्या सगळ्या सराव परीक्षांत नव्वद टक्के मिळाल्याचे स्क्रीनशॉट’ हवे होते, आणि ते पोर्टल, मी किट घेतल्यापासून, एकदाही चालू झालं नाही. मी हे लिहून पाठवल्यावर सरांनी मला गटातून काढलं.

काढण्याआधी त्यांनी आणखी एक गळ टाकला होता: दुसऱ्या प्रयत्नासाठी अर्ध्या किमतीत परीक्षेचं व्हाउचर, म्हणजे फीऐवजी चालणारा कोड. मी घेतलं नाही. गटातल्या एका मुलाने घेतलं. बुकिंग करताना तो कोड आधीच वापरलेला निघाला. त्याचे गेलेले पैसे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही. परीक्षा पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर किंवा ऑनलाइन होते, आणि तिथेच स्वतःच्या खात्यातून बुक करून पैसे भरायचे, एवढं सोपं आहे ते. अनोळखी माणूस पंधरा हजारांचा फायदा तुम्हाला का करून देईल?

आता गाइड तपासायचं कसं. सिस्को परीक्षेच्या विषयांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट देते, मोजक्या पानांची. त्यात सहा विभाग आणि त्यांचं वजन दिलंय: मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २०, आयपी कनेक्टिव्हिटी २५, आयपी सर्व्हिसेस १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. ही यादी छापून घ्या आणि पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याकडे अनुक्रमणिकेचा फोटो मागा. कव्हरचा नाही, अनुक्रमणिकेचा. फ्रेम रिले दिसलं की विषय संपला. टेराफॉर्म शोधा, वायरलेस लॅन कंट्रोलर शोधा, स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमधली चक्रं टाळणारी पद्धत) रूट गार्ड आणि लूप गार्ड शोधा. हे दोन्ही १.१ च्या यादीत आहेत. मग लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, आयएसबीएन. माझ्या पुस्तकावर लेखकाच्या जागी ‘तज्ज्ञ मंडळ’ होतं आणि आयएसबीएनच्या जागी नुसतेच बारकोडचे पट्टे.

एक मात्र सांगते, जुन्या पुस्तकाला घाबरू नका. अप्पा बळवंत चौकात अधिकृत पुस्तकाची पहिली आवृत्ती जुन्यात मिळाली तर खुशाल घ्या. ती २०१९ ची, पहिल्या २००-३०१ साठी लिहिलेली. १.१ मध्ये वाढलेलं तेवढं यादीवरून वेगळं वाचलं की काम भागतं. ते पुस्तक आपलं वय लपवत नाही. मी आता तेच वाचतेय. सोबत सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, जे नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर खातं उघडलं की फुकट मिळतं. व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ, सगळं त्यावर स्वतः लावून बघता येतं. ‘शो आयपी रूट’ ही राउटरच्या वाटा दाखवणारी आज्ञा मारून त्या /२४ आणि /२७ चा निकालही त्यावर लावला, सरांच्या नावाने.

तक्रारीबद्दल. पैसे नुकतेच गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी तो राष्ट्रीय क्रमांक आहे आणि तिथे वेळेला महत्त्व आहे. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायचं तर २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरून दाखल करता येते. मला सगळ्यात उपयोगी पडले ते कव्हर आणि अनुक्रमणिका यांचे शेजारी शेजारी ठेवलेले फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि “परीक्षेत हेच बरोबर धरतात” हा संदेश. गटातून काढलं तरी आपल्या फोनवरचं जुनं संभाषण राहतं. ते आधी एक्स्पोर्ट करून ठेवा, मग भांडा. व्हाउचरवाल्या मुलाने तसं केलं नाही, रागाच्या भरात सगळं पुसून टाकलं. आता बँकेच्या नोंदीवरून त्याची तक्रार जुळवायचं काम आम्ही दोघं मिळून करतोय.